दर पुण्याचा, उचल सेनगावची

सेनगाव तालुक्यात सोयाबीन काढणीला आले की मजुरीची घासाघीस उघड्या रानात होते. आठ-दहा जणांची टोळी बांधावर येते. पीक किती दाटले आहे, तण किती माजले आहे, शेंग जमिनीपासून किती उंचीवर लागली आहे, रान वाळले आहे की अजून पाय रुततात, एवढे नजरेने जोखते आणि एकरी गुत्ते सांगते. शेतकरी शेजारच्या रानातला भाव पुढे करतो, टोळी शेजारच्या रानातले पीक दाखवते. आभाळ भरून आले असेल तर तोच भाव संध्याकाळपर्यंत चढतो, कारण कापलेले सोयाबीन भिजले तर काळे पडते आणि उभे राहिले तर शेंगा तडकतात, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. औद्योगिक संबंधांच्या पुस्तकांत सामूहिक वाटाघाटीला जे जे लागते म्हणून सांगितलेले असते, ते सगळे या बांधावर हजर आहे. मजूर एका तोंडाने बोलतात, मालक समोर उभा असतो, काम दोघांच्या डोळ्यांदेखत मोजले जाते आणि उशीर झाल्यास कोणाचे किती नुकसान याचा अंदाज दोघांनाही असतो. ना संघटनेची नोंदणी, ना कायद्याचे कलम, तरीही सौदा खरा असतो.

दिवाळीच्या आगेमागे याच टोळ्यांमधली काही जोडपी कोयते, भांडीकुंडी आणि लहान पोरे घेऊन ऊसतोडीला निघतात. तिथे त्यांच्या मजुरीची वाटाघाट राज्यातल्या सर्वांत गाजणाऱ्या वाटाघाटींपैकी एक असते. पुण्यात बैठका होतात, राज्याचे मोठे नेते लवाद म्हणून बसतात, वाढीचे टक्के दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येतात. आणि नेमक्या याच सौद्यातून बांधावरच्या त्या गोष्टी एकेक करून गळालेल्या असतात. मालक कोण ते ठरत नाही, मोजमाप मजुरासमोर होत नाही, थांबण्याची ताकद मजुराने आधीच गहाण टाकलेली असते आणि बोलणारे तोंड कोणी निवडून दिले हे सांगता येत नाही. ऊसतोडीच्या क्षेत्रात सामूहिक वाटाघाट नाही असे नव्हे. ती आहे, आणि तिने मजुरांना काही मिळवूनही दिले आहे. पण ती टनाचा दर ठरवते, मजुरी ठरवत नाही. या दोन गोष्टी एक नाहीत, हेच या प्रकरणात दाखवायचे आहे.

आधी सेनगावचा माणूस कोयता का उचलतो ते पाहू. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी; सेनगाव हा त्याच्या पाच तालुक्यांपैकी एक, बहुतांश कोरडवाहू. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाचे पाणी तालुक्याच्या शिवेला लागून साठते, पण भिजवते ते खालच्या अंगाचा वसमत, परभणी, नांदेडकडचा पट्टा. त्यामुळे जिल्ह्यातले साखर कारखानेही वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तालुक्यांत आहेत. सेनगावात सोयाबीन निघाले, तूर उभी राहिली, थोडाफार हरभरा पेरला, की गावात मजुरीचे काम जवळपास संपते. नेमक्या त्याच वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारखान्यांचे बॉयलर पेटतात. काही टोळ्या जवळच्या कारखान्यांवर जातात, काही पश्चिम महाराष्ट्रात, काही थेट कर्नाटकात. राज्यात असे मजूर आठ ते दहा लाख असल्याचे सांगितले जाते. बीडचे नाव यात सर्वांत मोठे, म्हणून हिंगोलीचे नाव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

आता पुण्याच्या कराराकडे वळू. एका बाजूला महाराष्ट्र राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड व वाहतूक कामगारांच्या आणि टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांच्या अनेक संघटना. बोलणी अडली की दोन्हीकडच्या नेत्यांचा लवाद निकाल देतो. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाने ही रीत रुजवली, २०१४ मध्ये मुंडे यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी पंकजा मुंडे आल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ ठरली आणि तोडणीचा दर टनाला सुमारे २७३ रुपये झाला. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली, दर ३६६ रुपयांच्या घरात गेला आणि मुकादमाचे कमिशन एका टक्क्याने वाढून २० टक्के झाले. करार तीन वर्षांसाठी होता. संपाची हत्यारे परजली गेली होती, संघटनांची मागणी याहून मोठी होती, पण ३४ टक्के हा आकडा कोणत्याही क्षेत्रातल्या कामगाराला हेवा वाटावा असाच आहे. साखर कारखान्याच्या आतल्या कायम कामगारांना जुलै २०२५ मध्ये त्रिपक्षीय बोलणीतून १० टक्के मिळाले, हे शेजारी ठेवून पाहावे.

टक्क्यांचे मात्र असे असते की ते कशावर मोजले हे विचारल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडतो, म्हणजे माणशी एक टन. २०२३-२४ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी २७३ रुपये होती आणि नव्या करारापूर्वी एक टन ऊस तोडण्याचा दरही २७३ रुपयेच होता. आकडे योगायोगाने जुळले, पण या योगायोगाने एक परिस्थिती उघडी पडली. सेनगावातल्या शेततळ्यावर दिवसभर माती काढून घरी निजायला येणाऱ्या माणसाला जे मिळायचे, तेच पहाटे अंधारात फडात उतरून, मोळ्या बांधून, रात्री गाडी आली की त्या डोक्यावरून चढवणाऱ्या माणसाला मिळत होते. ३४ टक्क्यांची वाढ ही अशी खालच्या पायरीवरून घेतलेली उडी आहे. मग रोजगार हमीचे काम सोडून लोक जातात कशाला, असे कोणी विचारेल. कारण सरळ आहे. हमीचे काम कधी निघेल, पगार कधी जमा होईल याचा भरवसा नसतो. मुकादमाची उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, मात्र हातात रोख पडते.

उचल हीच या व्यवस्थेची खरी मजुरी आहे आणि तिची वाटाघाट पुण्यात होत नाही. ती सेनगावच्या एखाद्या तांड्यावर, मुकादमाच्या ओट्यावर, पावसाळ्यात घरातले धान्य संपत आले असताना किंवा मुलीचे लग्न ठरले असताना, एकेका जोडप्याशी स्वतंत्रपणे होते. कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत उचल दिली जाते. आता एक सोपा हिशेब करू. एका जोडप्याने लाख रुपये उचल घेतली आहे. जुन्या २७३ च्या दराने ती फिटायला ३६६ टन ऊस तोडावा लागे. नव्या ३६६ च्या दराने २७३ टन पुरतात. दिवसाला दोन टन धरले तर १८३ दिवसांचे काम १३७ दिवसांवर आले. कागदावर ही मोठी सुटका आहे. पण कारखाना चालतो किती दिवस? २०२४-२५ चा हंगाम राज्यातल्या बऱ्याच कारखान्यांसाठी शंभर दिवसांच्या आतच आटोपला. शंभर दिवसांत दोनशे टन होतात, म्हणजे नव्या दराने ७३ हजार रुपये. उरलेले २७ हजार ‘बाकी’ म्हणून पुढच्या वर्षाच्या खात्यावर जातात, आणि पुढच्या वर्षी कोणत्या मुकादमाबरोबर जायचे हे त्या बाकीनेच ठरवून टाकलेले असते. वर हा हिशेब एकही दिवस वाया गेला नाही असे धरून केलेला आहे. पाऊस पडतो, कारखान्याचे यंत्र बिघडते, भरलेली गाडी कारखान्याच्या आवारात रांगेत अडकते आणि फडात परत येत नाही. त्या दिवसांत कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बसून राहिलेल्या जोडप्याला काही मिळत नाही, रोजच्या खर्चासाठी दिलेली खर्ची मात्र उचलीत मिळवली जाते. उलट मजूर स्वतः आजारी पडला तर तो खाडा होतो आणि खाड्याचा दंड लागतो.

पुण्याच्या टेबलावर टनाचा दर असतो. किती दिवस काम मिळेल, खोळंब्याचे पैसे कोण देईल, खाड्याला दंड लावण्याचा अधिकार कोणाला, उचलीचा हिशेब कोणाच्या वहीत आणि तो मजुराला कधी दाखवायचा, यांतले काहीही त्या सौद्याच्या केंद्रस्थानी नसते. गिरणीत किंवा कारखान्यात कामगार संघटना पगारवाढ मागते तेव्हा कामाचे तास, सुट्ट्या, ले-ऑफची भरपाई या गोष्टी आधीच कायद्याने किंवा जुन्या करारांनी बांधलेल्या असतात. त्या पायावर पगाराची बोलणी उभी राहते. इथे पायाच नाही आणि बोलणी थेट माळ्यावर चालली आहेत. म्हणून दर वाढला तरी वाढीचा किती भाग कोपीपर्यंत पोचला हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. गणित मुकादमाच्या वहीत असते, वजन कारखान्याच्या काट्यावर असते, आणि मजूर त्या वेळी पुढच्या फडात असतो. काटामारीची तक्रार शेतकरी करतात तेव्हा तिची बातमी होते. त्याच काट्यावर मजुराचीही मजुरी तोलली जाते, हे सहसा कोणी बोलत नाही.

एवढे सगळे या एकाच कामाला का लागू होते, हे समजायला साखरेच्या साखळीतल्या बाकीच्या किमती पाहाव्यात. उसाची रास्त आणि किफायतशीर किंमत, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली दरवर्षी जाहीर करते. साखरेची किमान विक्री किंमत केंद्राने ठरवून दिली, २०१९ मध्ये ती किलोला ३१ रुपये केली. कारखान्याच्या गेटाच्या आतल्या कामगारांसाठी १९५७ साली केंद्राने वेतन मंडळ नेमले, १९६५ मध्ये दुसरे आणि १९८५ मध्ये तिसरे. नंतर राज्यात त्रिपक्षीय समित्या आल्या. म्हणजे उसाला कायद्याचा भाव आहे, साखरेला सरकारी भाव आहे, पॅनवर उभ्या असलेल्या कामगाराला वेतनश्रेणी आहे. ऊस फडातून गेटापर्यंत आणणाऱ्याला मात्र लवाद आहे. शेजारच्या गुजरातेत, जिथे आपल्या नंदुरबार-धुळ्याकडचे आदिवासी मजूर तोडणीला जातात, सरकारने किमान वेतनाच्या अधिसूचनेने टनाचा दर ठरवला आणि २०२३ मध्ये तो २३८ वरून ४७६ रुपये केला. दोन्हीकडच्या कामाची मोजणी तंतोतंत सारखी नसेल, आणि अधिसूचना निघाली म्हणजे पैसे हातात पडले असेही नव्हे. पण किमान वेतन न देणे हा गुन्हा ठरतो. लवादाचा दर न देणे हा काय ठरतो, याचे उत्तर महाराष्ट्रात स्पष्ट नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेट अधिकाऱ्यापुढे झालेला करार त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना लागू होत असे, बाहेर आपापसांत झालेला करार फक्त सही करणाऱ्यांना. फडातल्या जोडप्याने सही केलेली नसते, मुकादमानेही बहुधा नाही.

आणि पैसे कोण देतो? इथे या वाटाघाटीतली सर्वांत चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च कारखाना आपल्या खिशातून देत नाही. तो शेतकऱ्याच्या एफआरपीमधून कापला जातो. २०२३-२४ ची एफआरपी टनाला ३१५० रुपये होती. त्यातले ३६६ तोडणीचे, त्यावर वीस टक्क्यांनी ७३ मुकादमाचे, असे सुमारे ४४० रुपये, म्हणजे चौदा टक्के, वाहतूक सोडूनच गेले. टेबलावर बसतो तो साखर संघ, आणि पैसे जातात ते ऊस उत्पादकाचे, जो टेबलावर नाही. सामूहिक वाटाघाटीच्या सिद्धांतात मालक कामगाराला नाही म्हणतो कारण त्याच्या नफ्याला चाट बसते, आणि हो म्हणतो कारण संपाने त्याहून मोठी चाट बसेल. इथे होकार आणि नकार दोन्ही दुसऱ्याच्या पैशाने दिले जातात. शेतकऱ्याचा राग मग वाढीच्या टक्क्यांवर निघतो. २०२०-२१ मध्ये एफआरपी २८५० होती, तीन वर्षांत ती साधारण दहा टक्के वाढली, तोडणी मात्र ३४ टक्के, असे तो म्हणतो, आणि त्याचे गणित चुकीचे नाही. वरकड खुशालीच्या नावाने तोडकऱ्यांना वेगळे पैसे मोजावे लागतात, ही त्याची दुसरी तक्रारही खोटी नाही. पण दोन गरजवंतांना समोरासमोर उभे करून मधला मोकळा राहतो, ही या रचनेची करामत आहे. इथे एकाच माणसाच्या हेतूवर बोट ठेवायचे नाही, कारण रचनाच तशी आहे. मजुरांच्या बाजूने लवाद म्हणून बसणारे नेतृत्वही साखर कारखान्याच्या कारभाराशी जोडलेले राहिले आहे. परळीचा वैद्यनाथ कारखाना गोपीनाथ मुंडे यांनीच उभारला होता.

लवाद या संस्थेला आपल्याकडे चांगली परंपरा आहे, म्हणून तिला नुसते नाक मुरडून चालणार नाही. १९१८ मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांनी गांधीजींच्या नेतृत्वाखाली ३५ टक्के मागितले, मालक २० च्या पुढे जाईनात, प्रकरण लवादाकडे गेले आणि आनंदशंकर ध्रुव यांनी कामगारांच्या बाजूने ३५ टक्क्यांचा निकाल दिला. त्या लवादात निकाल देणारा माणूस दोन्ही बाजूंपासून वेगळा होता. ऑस्ट्रेलियात १९०७ साली न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल कामगाराला दिवसाला सात शिलिंग ठरवले ते तर कामगाराचे कुटुंब सभ्यपणे जगायला काय लागते याचा हिशेब मांडून. तो खटला कापणी यंत्रांच्या कारखान्याचा होता म्हणून तो ‘हार्वेस्टर निवाडा’ म्हणूनच ओळखला जातो. आज आपल्या फडात हार्वेस्टरचे नाव मजुरांना धाक घालायला वापरले जाते, हा इतिहासाचा एक टोमणा. भारतातही १९५७ च्या श्रम परिषदेने किमान गरजेवर आधारलेल्या वेतनाचे माप घालून दिले: अन्नाच्या कॅलरी, वर्षाचे कापड, घरभाडे, सगळे त्यात आहे. ऊसतोडीच्या लवादात असा हिशेब जाहीर मांडला जात नाही. जाहीर होतो तो टक्का. वाढ किती हे कळते, मजुरी किती असायला हवी होती हा प्रश्नच पुढे येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की बाकीच्या असंघटित मजुरांना हेही नाही. सेनगावच्या कापूस वेचणाऱ्या बाईसाठी पुण्यात कोणी बैठक घेत नाही. हे खरे आहे, आणि त्याचे कारण ओळखण्यासारखे आहे. ऊस पक्व झाल्यावर फडात राहिला तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, कारखान्याचे बॉयलर पेटून बसलेले असतात. हंगामाच्या तोंडाशी कोयता बंद पडला तर सुमारे दोनशे कारखाने एकदम हवालदिल होतात. ही ताकद मजुरांनी नेत्यांकडून उसनी घेतलेली नाही, ती त्यांच्या कामातच आहे. सोयाबीनच्या बांधावर आभाळ भरून येते तशीच. प्रश्न एवढाच की उचल घेतलेला माणूस किती दिवस कोयता खाली ठेवू शकतो? नोव्हेंबरात कोयता बंदची हाक येते तेव्हा उचल खर्च झालेली असते, पोरे कोपीत असतात, आणि बंदचा प्रत्येक दिवस बाकी वाढवतो. संपाच्या काळात कामगाराला जगवणारा निधी हा युरोपातल्या संघटनांचा कणा होता. आपल्या ऊसतोडकऱ्याला संपात जगवतो तो मुकादम, आणि त्याचे व्याजही तोच ठरवतो.

दुसरा आक्षेप मुकादमांच्या आणि ट्रॅक्टरमालकांच्या बाजूचा. मजूर दोन-तीन ठिकाणी उचल घेऊन पसार होतात, आमचे ट्रॅक्टर बँकेत गहाण आहेत, पोलीस ठाण्याच्या चकरा मजुरांना नाहीत पण आम्हाला आहेत, असे ते म्हणतात. फसवणूक होते, यात शंका नाही. कित्येक मुकादम स्वतःच कर्जाने बुडालेले आहेत. पण या आक्षेपातूनच दुखणे कळते. कारखान्याने तोडणी-वाहतुकीसाठी वेगळी संस्था काढली, संस्थेने वाहनमालकाशी करार केला, वाहनमालकाने मुकादमाला पैसे दिले, मुकादमाने जोडप्याला. जोखीम एकेक पायरी खाली ढकलली गेली आणि तळाशी फक्त दोन माणसे उरली, एक कर्ज दिलेला आणि एक कर्ज घेतलेला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने मुख्य मालक ही कल्पना आणली होती ती याचसाठी, की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मागचा माणूस देणे लागावा. ऊसतोडीत मागचा माणूस कोण हा वाद अजून मिटलेला नाही.

तो मिटेपर्यंत थांबण्याचे कारण मात्र नाही, कारण मालक निश्चित नसतानाही मजुरीला बांध घालण्याची युक्ती महाराष्ट्रानेच काढलेली आहे. मुंबईच्या बाजारांत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांची हमाल पंचायत यांनी जो लढा दिला, त्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाचा एक मालक नसतो, दिवसात दहा दुकानांची पोती तो वाहतो. म्हणून मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ स्थापन झाले. व्यापाऱ्याने हमाली आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने नोंदलेल्या कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचा. याच मापाने ऊसतोडीचे काम मोजता येते, कारण इथे टनांची नोंद कारखान्याकडे आधीच असते. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला दहा रुपये घ्यायचे ठरले, ग्रामसेवकांनी मजुरांची नोंद करून ओळखपत्रे द्यायची असेही ठरले. पण ते मंडळ कल्याणाचे आहे, मजुरी वाटणारे नाही. मजुरीचा पैसा जोपर्यंत मुकादमाच्या हातून जातो, तोपर्यंत वसतिगृहे आणि विमा काढून त्या हिशेबात फरक पडत नाही. मुकादमाला काढून टाकावे असाही याचा अर्थ नव्हे. टोळी जमवणे, भांडणे मिटवणे, आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, ही कामे कोणीतरी करावीच लागतात आणि त्याचे कमिशन ठरलेले आहे. त्याच्याकडून काढून घ्यायची आहे ती वही. उचल मंडळाने द्यावी, वजनाची पावती मजुराच्या मोबाइलवर यावी, बाकी राहिली तर ती कोणाही मुकादमाबरोबर फेडता यावी. शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे, कारण मुकादम बदलता आला की पुढच्या वर्षीची घासाघीस पुन्हा बांधावरच्यासारखी होते.

कोणाशी बोलायचे हे ठरले, तरी कोणी बोलायचे हे उरते. मुंबईच्या गिरण्यांत १९४६ च्या कायद्याने एकाच प्रातिनिधिक संघटनेला बोलण्याचा हक्क दिला आणि कामगारांचे मन तिच्यापासून उडाले तरी हक्क तिच्याकडेच राहिला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे गेले, पण करारावर सही करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाचाच होता. ऊसतोडीत याच्या अगदी उलटे आहे. मान्यता कोणालाच नाही, म्हणून सगळ्यांनाच आहे. मजुरांच्या आणि मुकादमांच्या संघटना एकाच बाजूला बसतात, एकाच करारात तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन ठरते, जणू दोघांचे हित एकच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा हक्क आहे, तसे बहुमत नसेल तर वीस-वीस टक्क्यांच्या हिशेबाने परिषद बसते. पण टक्के मोजायला आधी हजेरीपट लागतो. सेनगावच्या ग्रामसेवकाने केलेली नोंद खरी आणि पूर्ण असेल तरच उद्या कोणाला म्हणता येईल की मी इतक्या कोयत्यांच्या वतीने बोलतो.

यंत्राचा धाक शेवटी घालतातच. मजुरी वाढवाल तर हार्वेस्टर येईल. हार्वेस्टर येतोच आहे, आणि तो मजुरी महाग झाली म्हणून नव्हे, तर मजूर मिळेनात म्हणून. वर त्याला सरकारी अनुदान आहे, २०२३ च्या योजनेत किमतीच्या चाळीस टक्के किंवा कमाल ३५ लाख रुपये. यंत्राने तोडलेल्या उसाला मजुरापेक्षा जास्त दर दिला जातो, ही संघटनांची तक्रार गेल्या कराराच्या वेळी मध्यवर्ती होती. म्हणजे महाग तोडणी कारखान्याला परवडते, फक्त ती यंत्राची असायला हवी. लहान, वेडेवाकडे, दगडगोट्याचे फड आणि पावसात रुतणारी राने यंत्राला जमत नाहीत, ती मजुरांकडेच राहणार, आणि तिथे टनाला लागणारे कष्ट जास्त आहेत. एकच दर सगळ्या फडांना, ही पद्धत मग आणखी अन्यायाची होत जाईल. सोयाबीनची टोळी रान पाहून भाव सांगते, ती उगाच नव्हे.

आणि या सगळ्या हिशेबात एक माणूस मोजलाच जात नाही. कोयता म्हणजे जोडपे. उचल नवऱ्याच्या नावाने, वहीत नाव नवऱ्याचे, करारात एकक कोयता. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटेचा स्वयंपाक करते, उसाचे वाढे विकून बाजार करते, पण मजूर म्हणून तिचे नाव कुठे नसते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि ८२ हजारांवर स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली असल्याचे पुढे आले. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, बाळंतपणे हंगामात येऊ नयेत, दुखणे अंगावर काढण्यापेक्षा एकदाचे संपवावे, अशी कारणे त्यामागे सांगितली गेली. खाड्याचा दंड कोणत्याही लवादाने ठरवलेला नाही आणि कोणत्याही लवादाने रद्दही केलेला नाही. सेनगावच्या नोंदवहीत एका कोयत्यासमोर दोन नावे, दोन बँक खाती आणि दोन ओळखपत्रे लागली, तर पुढच्या करारात बाळंतपणाची रजा आणि खाड्याचा दंड हे विषय निदान मागता तरी येतील. आजच्या करारात ते मागायला बाई पक्षकारच नाही.